मोठेबाबांची एमबी

पुण्यातल्या कोणत्याही ऑफिसात जॉइन व्हा, पहिल्या आठवड्यात एक प्रश्न येतोच. "कुठली गं तू?" मी म्हणते, "वाशिम." समोरचा मान डोलावतो आणि म्हणतो, "अच्छा, वाशी! म्हणजे नवी मुंबई!" मग मला अकोल्यापासून सुरुवात करावी लागते. अकोला माहीत असतं, शेगाव तर सगळ्यांनाच माहीत असतं. तिथून बोट खाली सरकवत सरकवत मी वाशिमपर्यंत येते. अकोला जिल्ह्यातून १ जुलै १९९८ ला वेगळा झालेला जिल्हा. सहा तालुके. सोयाबीन आणि तूर. एवढ्यात समोरच्याचा फोन वाजलेला असतो.

पण ऐकणाऱ्याकडे जरा वेळ असेल, चहाचा कप अर्धा भरलेला असेल, तर मी मोठेबाबांचं उत्तर देते. ते असं.

वाशिम म्हणजे एक उंच टेबल आहे. या टेबलाच्या उत्तरेला पडलेलं पाणी काटेपूर्णेतून पूर्णेत जातं, पूर्णेतून तापीत आणि तापीतून अरबी समुद्रात. आणि त्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला पडलेलं पाणी अडाण, अरुणावती, पूस अशा नद्यांमधून पैनगंगेला मिळतं, मग वर्धा, मग गोदावरी, आणि शेवटी थेट बंगालच्या उपसागरात. "एकाच ढगाचं पाणी," मोठेबाबा म्हणायचे, "अर्धं चाललं सुरतेले, अर्धं चाललं आंध्रात. अन् आपुन मधात बसून रायलो कोरडे!" मग स्वतःच हसायचे. हा जोक मी किमान पन्नास वेळा ऐकला असेन. त्यांच्यासोबत नोकरी केलेल्यांनी पाचशे वेळा.

मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे सगळ्यात मोठे भाऊ. आमच्याकडे विदर्भात काका फक्त धाकटे असतात, वडिलांपेक्षा मोठे ते मोठेबाबा आणि त्यांची बायको मोठी आई. नात्याचं नावच असं आहे की जबाबदारी आपोआप अंगावर येते. बाबांपेक्षा मोठे बाबा! मला वाटतं, मोठेबाबांनी ही पदवी जरा जास्तच सीरियसली घेतली.

ते पाटबंधारे खात्यात होते. सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि १९७२ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, नोकरीला लागले. साल लक्षात घ्या. ज्यांना बहात्तरचा दुष्काळ म्हणजे फक्त आजीच्या तोंडचं वाक्य वाटतं, त्यांच्यासाठी सांगते: त्या वर्षी महाराष्ट्रात लाखो माणसं सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, तलाव खणत होती, रस्ते करत होती. खायला परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि सुकडी. याच दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर पसरली. पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. देशाची रोजगार हमी २००५ साली आली, तेव्हा मोठेबाबा पेपर वाचता वाचता म्हणाले होते, "हे तं आमी कवाचंच केलं." त्यात 'आमी' म्हणजे महाराष्ट्र सरकार आणि ते स्वतः, असे दोघं.

तर तेवीस वर्षांच्या या पोराचं काम काय? माप घेणं. रोज बायाबापड्यांनी किती माती खणली, ते टेपनं मोजायचं. खड्ड्याच्या मध्ये मातीचा एक खुंट तसाच सोडतात, म्हणजे मूळ जमीन किती उंच होती ते कळतं. त्यावरून लांबी, रुंदी, खोली. गुणाकार. तो गुणाकार जिथे लिहायचा ते पुस्तक म्हणजे एमबी, अर्थात मेजरमेंट बुक. तुमच्याआमच्या डोक्यात एमबी म्हटलं की मेगाबाइट येतं. पाटबंधारे, बांधकाम या खात्यांमध्ये एमबी म्हणजे देवघरातली पोथी. त्यात खाडाखोड चालत नाही, पान फाडायचं नाही, आणि तिच्यात चढल्याशिवाय एक पैसा निघत नाही.

मोठेबाबा सांगायचे, की काही ठिकाणी माप आठ-आठ दिवस व्हायचं नाही. साहेब जीपनं यायचा तेव्हा व्हायचं. माप लांबलं की मजुरी लांबली, आणि मजुरी लांबली की चूल. "मनून मी सायकलीवर रोज जाओ," ते म्हणायचे. बस, एवढंच. त्या दुष्काळाबद्दल ते यापेक्षा जास्त फारसं बोलले नाहीत. पण त्यांच्याकडे कुणी पैसे मागायला आलं, की समोरच्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत ते खिशात हात का घालायचे, याचं माझ्या मते तिथेच कुठेतरी उत्तर आहे.

पुढची पस्तीस वर्षं त्यांनी मातीची धरणं, पाझर तलाव, कोल्हापुरी बंधारे असलीच कामं केली. मोठं, नाव घेण्यासारखं एकही धरण त्यांच्या नावावर नाही. त्यांची कामं कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव, रिसोड असल्या तालुक्यांत, कुठल्यातरी नाल्यावर, चार गावांपुरती. गुगल मॅप्सवर झूम करत गेलात तर निळा ठिपका दिसेल इतकी. पण त्यांना विचारा, तर ते त्या ठिपक्याच्या पोटात काय आहे ते सांगणार. मधोमध काळी माती, तिला हार्टिंग म्हणायचं. ती पाणी अडवते. तिच्या दोन्ही अंगांना मुरूम, ते केसिंग. ते वजन धरतं. पाण्याच्या बाजूला दगडाचं पिचिंग, लाटेनं माती जाऊ नये म्हणून. आणि पूर आला की जास्तीचं पाणी जायला सांडवा. "माणसाले सांडवा पायजे," ते म्हणायचे, "नाई तं तो कुठून तरी फुटतेच."

काळी माती योग्य ओली आहे का, हे बघायला लॅब असते, टेस्ट असते. पण साइटवर जुने लोक मूठभर माती दाबून गोळा करतात. गोळा नीट झाला, हाताला चिकटला नाही, आणि कमरेच्या उंचीवरून सोडला की भुगा न होता मोजक्या तुकड्यांत फुटला, तर पाणी बरोबर. मोठी आई कणीक मळायला लागली की मोठेबाबा मागून जाऊन गोळा दाबून बघायचे. "मॉइश्चर ज्यादा झालं," असा रिपोर्ट द्यायचे. मोठी आई लाटणं दाखवायची.

आमच्या उन्हाळ्याच्या सुट्या त्यांच्याकडे जायच्या. आम्ही अकरा चुलत-आते भावंडं. सरकारी क्वार्टर दोन खोल्यांचं, त्यामुळे रात्री सगळे गच्चीवर. वाशिमचं ऊन तुम्ही कधी खाल्लं नसेल तर नशीबवान आहात, पण वाशिमची उन्हाळ्यातली गच्ची अनुभवली नसेल तर मात्र बिचारे आहात. गाद्या पाच वाजता पाणी मारून थंड केलेल्या गच्चीवर, डोक्याशी माठ, आणि मोठेबाबांच्या गोष्टी. वाशिम म्हणजे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. आम्हाला शाळेत नागपूर आणि पुणे शिकवायचे, वाशिम कुणी शिकवलं नाही. ते मोठेबाबांनी गच्चीवर शिकवलं.

ऑफिसमधून आणलेला एक जुना, तळाशी तुटलेला, खात्यानं भंगारात काढलेला लेव्हलिंग स्टाफ त्यांच्याकडे होता. लाल-काळ्या आकड्यांची ती लांब पट्टी रस्त्याच्या कडेला तिपाईसमोर धरून उभा असलेला माणूस तुम्ही पाहिला असेल, तीच. दर मे महिन्यात त्या पट्टीनं आमची उंची मोजली जायची. दाराचा उंबरा म्हणजे बेंचमार्क. भिंतीवर पेन्सिलीनं रेघ, बाजूला नाव, साल आणि मिलिमीटरपर्यंत आकडा. सेंटिमीटर लिहिणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. आमची ताई सातवीत सगळ्या मुलांपेक्षा उंच निघाली, तेव्हा त्यांनी तिला पाच रुपये दिले होते. सगळ्यात बुटक्याला सहा. का, तर "त्याले अजून मटेरियल लागते."

कारंज्याला असताना दादा आणि ताईनं, म्हणजे त्यांच्या मुलांनी, वाफेच्या इंजिनाची शकुंतला पाहिली होती. मूर्तिजापूर-यवतमाळ ही छोटी रेल्वे कारंज्यावरून जायची आणि तिचं वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावत होतं. मी तेव्हा चार वर्षांची, रिसोडकडच्या गावात. या एका बाबतीत माझ्यावर अन्याय झाला, असं माझं अजून मत आहे. असो.

२००७ साली अठ्ठावन्न पूर्ण झाली आणि मोठेबाबा रिटायर झाले. उपविभागीय अभियंता म्हणून. शाल, श्रीफळ, गळ्यात हार, 'सरांसारखे सर होणे नाही' असली भाषणं. प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी आणि पेन्शनचा काही भाग विकून आलेली रक्कम, असं सगळं एकदम हातात. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या पासबुकात मोठा आकडा आला. तो किती दिवस राहिला, ते आता सांगते.

२००८ साली मी बारावी झाले. सीईटीला मार्क बरे पडले, इंजिनिअरिंगला नंबर लागला. माझे बाबा शेती करतात. त्या वर्षी सोयाबीन कसं होतं, ते शेतकऱ्याच्या घरातल्या कुणालाही सांगायला नको, आणि बाकीच्यांना सांगून उपयोग नाही. बाबा फोनवर मोठेबाबांना एवढंच म्हणाले, "भाऊ, पोरीचा नंबर लागला." फीचं काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी चेतकवर मोठेबाबा आमच्या अंगणात. हेल्मेट नाही, डोक्याला उपरणं. डिकीतून पाकीट काढलं. फी जेवढी होती त्यापेक्षा पाच हजार जास्त.

ही त्यांची सवयच. आठ मागितले की नऊ. याचंही टेक्निकल कारण होतं! मातीचं धरण बांधताना ठरलेल्या उंचीपेक्षा थोडं जास्त बांधतात, कारण माती पुढे बसते. "माती बसते पोरी. खर्चबी तसाच असते."

आठ सेमिस्टर. आठही वेळा पाकीट.

आता इथे मला थांबून एक गोष्ट लिहायची आहे, कारण असल्या लेखांमध्ये ती सहसा लिहिली जात नाही. माणूस गेला की तो देवमाणूस होतो, आणि देवमाणसाच्या घरात कोणाला काय सोसावं लागलं, ते बाजूला पडतं. माझा चुलत भाऊ, दादा, तेव्हा पंचविशीत होता. डिप्लोमा करून औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, एका कारखान्यात शिफ्ट करत होता. त्याला २००९ मध्ये पुण्यात एमबीए करायचं होतं. कॉलेज ठरलं होतं, फॉर्म भरला होता. तोपर्यंत मोठेबाबांच्या रिटायरमेंटच्या पैशांतून आत्याच्या मोठ्या मुलीचं लग्न झालं होतं, मधल्या काकांच्या विहिरीचं काम झालं होतं, माझी दोन सेमिस्टर झाली होती, आणि धरणावरच्या एका जुन्या चौकीदाराचं ऑपरेशन झालं होतं. दादा बोलला नाही. मोठेबाबा म्हणाले, "एक साल थांब." दादा थांबला. मग पुढचं वर्ष आलं तेव्हा त्याचं लग्न ठरलं. विषय संपला.

मला हे तेव्हाच माहीत होतं. घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. आमच्यासारख्या कुटुंबात एका पोराची फी म्हणजे दुसऱ्या पोराचं काहीतरी असतं, हे गणित सगळ्यांना तोंडपाठ असतं. फक्त कुणी मोठ्यानं म्हणत नाही. दादा मला दर रक्षाबंधनाला ओवाळणी घालतो आणि "काय मॅडम, अप्रेझल झालं का?" असं विचारतो. त्यात टोमणा किती आणि माया किती, हे मी मोजत बसत नाही.

मी २०१२ मध्ये पुण्याला आले. हिंजवडी, शेअर्ड फ्लॅट, कंपनीची बस, वीकएंडला मॉल. तुम्हाला सगळं माहीत आहे. पहिल्या पगारावर मी मोठेबाबा आणि मोठी आईला पुण्याला बोलावलं. माझा प्लॅन तयार होता: शनिवारी शॉपिंग, रविवारी मल्टिप्लेक्स. मोठेबाबांनी रेल्वेतून उतरताच विचारलं, "खडकवासला किती दूर हाय?"

तुम्ही-आम्ही खडकवासल्याला जातो ते कणीस आणि कांदाभजी खायला. मोठेबाबा धरणाच्या भिंतीकडे तोंड करून अर्धा तास उभे होते. विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये आपोआप उघडणारे दरवाजे पहिल्यांदा बसवले ते याच ठिकाणी. पूर आला की पाण्याच्या जोरानं उघडणार, पाणी उतरलं की बंद होणार. आणि हे विश्वेश्वरय्या पुण्यातच शिकले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात १८८४ साली असिस्टंट इंजिनिअर म्हणून लागले. त्यांचा वाढदिवस १५ सप्टेंबर, तो अभियंता दिन. मोठेबाबांच्या दृष्टीनं हा दिवस दिवाळीच्या खालोखाल. मग त्यांनी पानशेतकडे बोट केलं आणि १२ जुलै १९६१ ची सकाळ सांगितली. पानशेतचं मातीचं धरण, काम अजून पुरतं संपलेलं नाही, आणि पावसाळ्यात पाणी चढत गेलं. पाणी सोडायच्या मोरीपाशी माती खचायला लागली. जवानांनी वाळूची पोती रचली. तरी फुटलं, आणि त्या लोंढ्यानं खालचं खडकवासलाही फुटलं. पुणं बुडालं. "वरून नाई फुटलं पाय," ते म्हणाले. "आतून खचलं. धरणाचं दुखणं आतून असते." बाजूला भज्याच्या गाडीवर उभी असलेली तीन कॉलेजची पोरं भजी खायची थांबून ऐकत होती. मोठेबाबांनी त्यांच्या भज्यांचेही पैसे दिले. विचारूच नका.

डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला. हा रस्ता आमच्या जिल्ह्यातून जातो, कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव तालुक्यांतून. (पूर्ण ७०१ किलोमीटर, मुंबईकडच्या टोकापर्यंत, तो २०२५ च्या जूनमध्ये खुला झाला.) त्या जानेवारीत मी सुटीवर गेले, तेव्हा दादानं गाडी काढली आणि मोठेबाबांना शेलूबाजारच्या बाजूनं रस्त्यावर घातलं. दादाला स्पीड दाखवायचा होता. मोठेबाबांना भरावाचा उतार बघायचा होता. "थांबव जरा," ते म्हणाले. दादा म्हणाला, "बाबा, इथे थांबता येत नाही, दंड होतो." मोठेबाबांना ते पटेना. सबंध आयुष्य त्यांनी कामाच्या ठिकाणी उतरून, खाली वाकून, माती हातात घेऊन काढलं. "उतरता येत नाई असा कसला रोड?" मग काचेला नाक लावून बसले आणि मुरूम कुठून आणला असेल, याचा अंदाज करत राहिले.

ती आमची शेवटची सहल.

ऑगस्ट २०२३. पाऊस नव्हता. १९०१ पासून देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट म्हणून तो महिना पुढे नोंदवला गेला. मोठेबाबा रोज फोनवर एकबुर्जीची पातळी सांगायचे. वाशिम शहराला पाणी पाजतो तो एकबुर्जी तलाव, आणि रिटायर होऊन सोळा वर्षं झाली तरी तो भरला की नाही ही त्यांची पर्सनल काळजी होती. एका रात्री जेवले, माठात पाणी आहे का बघितलं, झोपले. सकाळी उठले नाहीत. चौऱ्याहत्तर वर्षं.

तेरा दिवस घर भरलेलं होतं. नातेवाईक तर होतेच. पण जी माणसं येत होती, ती मला ओळखूच येत नव्हती. कुणी मालेगावहून एसटीनं आलं, कुणी मानोऱ्याकडून मोटरसायकलवर. दारात चपला काढायच्या, फोटोसमोर बसायचं, आणि थोड्या वेळानं दादाला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगायचं, "साहेबायचे मी दहा हजार देणं लागतो." कुणी पंधरा. एक बाई म्हणाली, शिलाई मशीन. एक जण म्हणाला, "रक्कम ध्यानात नाई, पण लेकाची पॉलिटेक्निकची फी होती." दादा सगळ्यांना चहा देत होता आणि मान हलवत होता.

अकराव्या दिवशी संध्याकाळी त्यानं कपाट उघडलं. वही कुठे आहे ते आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं, ती काही लपवलेली नव्हती. जाड, लाल कापडी पाठीची, एमबीसारखी आखलेली. मोठेबाबांनी घरचा हिशोबही खात्याच्याच पद्धतीनं ठेवला होता. अनुक्रमांक, तारीख, नाव, कामाचा तपशील, रक्कम, शेरा. परतफेडीचा रकाना नव्हता. तो आखलाच नव्हता. दादानं मोबाइलवर बेरीज केली. तीस वर्षांची. नऊ लाख अडतीस हजार आणि वर काही. आकडा ऐकून खोलीत कुणी बोललं नाही. आजच्या पुण्यात एवढ्यात पार्किंगसुद्धा येत नाही, हे मला माहीत आहे. पण तेव्हाचा पगार आणि तेव्हाचे रुपये धरा.

माझी नोंद मी वाचली. 'धाकट्याची पोट्टी, अभियांत्रिकी, सत्र १ ते ८.' शेऱ्यात २०१२ ची तारीख आणि लाल शाईनं दोन शब्द: काम पूर्ण.

दादा पान उलटत होता. मग त्याचा हात थांबला. मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. २००९. 'चिरंजीव, एमबीए.' रक्कम लिहिलेली. आणि शेऱ्यात: प्रलंबित.

बाकीच्या सगळ्या वहीत हा शब्द दुसरीकडे कुठेही नव्हता.

दादानं वही मिटली आणि "टाकी भरली नसेल" असं म्हणून मोटर लावायला बाहेर गेला. मोटर सुरू झाली, तरी तो बराच वेळ आत आला नाही. मी गेले नाही त्याच्यामागे. काही ठिकाणी बहिणीनं जायचं नसतं.

तोपर्यंत कोपऱ्यात बसलेली मोठी आई म्हणाली, "त्याच्यात माह्या पाटल्या लिवल्या का?"

आम्ही सगळे तिच्याकडे बघायला लागलो. १९८८ सालची गोष्ट. धरणावरच्या त्या चौकीदाराची बायको बाळंतपणात अडली, अकोल्याला न्यावी लागली, रक्त लागलं, पैसे लागले. महिनाअखेर. मोठेबाबांनी रात्री येऊन पाटल्या मागितल्या. मोठ्या आईनं काढून दिल्या. माहेरच्या होत्या, चार तोळ्यांच्या. पुन्हा झाल्या नाहीत. वहीत त्यांची नोंद नव्हती, कारण ती वही तेव्हा सुरूच झाली नव्हती. आणि असती तरी, मला शंका आहे.

मला हे सगळ्यांत जास्त लागलं. बाहेर बसलेले पाहुणे "साहेबाचा हात मोठा" म्हणत होते. तो हात मोठा होता, खरंच होता. पण त्या हाताला प्रत्येक वेळी घरातून कोणीतरी 'बरं' म्हटलेलं होतं. कधी देण्याच्या आधी विचारलेलं, बरेचदा देऊन आल्यावर सांगितलेलं. सरकारी क्वार्टरमध्ये पस्तीस वर्षं, अकरा पोरांचे रोडगे-वांग्याची भाजी उन्हाळाभर, नवी साडी दिवाळीला एक. हार्टिंग दिसत नसतं ना बाहेरून! दिसतं ते दगडी पिचिंग.

तेराव्याला त्या चौकीदाराचा मुलगा आला. १९८८ साली अकोल्यात जन्मलेला तोच. आता शेतीच्या औजारांचं दुकान आहे त्याचं. वडील गेले, आई आहे. त्यानं दादासमोर चेक ठेवला. वडिलांच्या ऑपरेशनचे आणि "आईच्या वेळचे", असं म्हणाला. दादा नेहमीप्रमाणे "राहू द्या हो, बाबांना नसतं आवडलं" असं सुरू करणार, तेवढ्यात मोठी आई मधे बोलली.

"आन इकडे."

तिनं चष्मा लावला. आकडा वाचला, अक्षरी वाचला, तारीख तपासली, सही आहे का बघितलं. मग घडी करून पदराच्या गाठीत बांधला. "त्यायनं नसता घेतला," ती म्हणाली. "म्या घेतला. तुह्या मायले सांगजो, पाटल्या पोचल्या मनून." तो मुलगा मोकळा होऊन हसला. मला आठवतं, तेरा दिवसांत त्या घरात आलेला तो पहिला माणूस, जो जाताना हलका होऊन गेला. बाकीच्यांना दादानं माफ करून करून ओझ्यासकट परत पाठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही विचारलं, या पैशांच्या पाटल्या करायच्या का? मोठी आई म्हणाली, "या वयात कोणाले दाखवू?" मग खूप आढेवेढे घेऊन तिनं सांगितलं. ऐंशीच्या दशकात वाशिम स्टेशनवरून मीटर गेजवर मीनाक्षी एक्सप्रेस जायची, थेट जयपूरला. मोठ्या आईच्या माहेरचं घर रुळाजवळ होतं. डब्यावरच्या पाटीवर जयपूर वाचून वाचून तिनं ठरवलं होतं, एकदा या गाडीत बसायचं. मोठेबाबा म्हणाले होते, पोरं मोठी होऊ दे. मग म्हणाले, रिटायर होऊ दे. दरम्यान रूळ टप्प्याटप्प्यानं रुंद होत गेले, ती मीटर गेजची गाडी इतिहासजमा झाली, आणि २००८ साली अकोला ते पूर्णा हा आमचा पट्टाही ब्रॉडगेज झाला. आजच्या भाषेत हेही प्रलंबितच.

दादानं त्याच रात्री फोन काढला. मी म्हटलं, फ्लाइटनं नेऊ, नागपूरहून किंवा पुण्याहून, मी पैसे घालते. मोठी आई म्हणाली, "इमानाची खिडकी उघडते का?" नाही म्हटल्यावर तिनं विमान रद्द केलं.

आम्ही २०२४ च्या जानेवारीत गेलो. रेल्वेनं. दादा, वहिनी, त्यांची पोरगी, ताई, मी आणि मोठी आई. खिडकीची सीट तिची. अकोल्यापर्यंत ती काही बोलली नाही. काटेपूर्णेचा विषय निघाला तेव्हा दादाच्या पोरीनं विचारलं, हे पाणी कुठे जातं? दादा सांगायला लागला, टेबलाच्या उत्तरेचं पाणी अरबी समुद्रात आणि दुसऱ्या बाजूचं… त्यानं तो जोक जसाच्या तसा केला, सुरतेसकट. मोठी आई खिडकीतूनच म्हणाली, "त्यायच्यासारखा नाई जमला."

जयपूरला तिनं हवामहल बघितला, दोन मिनिटं. मग बाजारात तासभर बांगड्या. लाखेच्या, लाल-हिरव्या. दुकानदार तीनशे म्हणाला. तिनं घासाघीस करून दोनशे चाळीसवर आणलं, आणि हातात अडीचशे ठेवले.